करावे, पाहिजे, लागते : खारबांधावरील कर्तव्याचे व्याकरण

पेणहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, पेण व नागोठणे ह्यांच्या दरम्यान, कासू हे स्थानक लागते. ह्या टापूच्या पश्चिमेस अंबा नदी धरमतरच्या खाडीला मिळते आणि तेथे भाताची विस्तीर्ण खारजमीन आहे. भरतीच्या पाण्यापासून ती मातीच्या बांधाने राखलेली असते. उधाणात बांधाला खांड पडली म्हणजे खारे पाणी शेतांत शिरते. ते मुरले की पुढील काही हंगाम भात नीट येत नाही, आणि हयगय लांबली तर भाताच्या जागी तिवरे उगवतात. खांड बुजवावयाची ती ओहोटीत, पुढील भरती येण्यापूर्वी. निर्णयाला अवधी काही तासांचाच असतो.

ज्याचे शेत बांधाला लागून आहे त्याच्यापुढे प्रश्न नसतो. प्रश्न पडतो तो आत, उंचवट्यावर शेत असलेल्याला. दैनंदिन जीवनातील नैतिक निर्णय बहुधा ह्याच जातीचा असतो. सत् आणि असत् तेथे समोरासमोर उभी राहत नाहीत; 'हे काम माझे आहे काय' एवढेच ठरवावयाचे असते. मराठी भाषक हा निर्णय कोणत्या क्रियारूपांत मांडतो हे पाहण्याजोगे आहे.

'त्याने जावे' ह्यातील विध्यर्थी '-आवे' प्रत्ययाचे मूळ संस्कृत '-तव्य' हे होय. म्हणजे 'करावे' आणि 'कर्तव्य' ही एकाच घडणीची रूपे आहेत. 'पाहिजे' हे 'पाहणे' ह्या धातूचे जुने कर्मणि रूप. 'लागणे' ह्याचा मूळ अर्थ चिकटणे. आता विभक्ती पाहावी : 'त्याने जावे', 'त्याने गेले पाहिजे', परंतु 'त्याला जावे लागते'. पहिल्या दोहोंत मनुष्य कर्ता म्हणून तृतीयेत उभा आहे. तिसऱ्यात सक्ती बाहेरून येऊन चतुर्थीतल्या माणसाला चिकटते. ('त्याला जायला पाहिजे' असेही बोलले जाते, तेव्हा ही रेषा फार ताणू नये, व्याकरण कोणाला सदाचारी करीत नाही.)

ह्यांहून महत्त्वाचे वाक्य निराळेच आहे : 'खांड बुजवली पाहिजे.' ह्यावर गावात कोणाचेही दुमत नसते, कारण ह्यात कर्ताच नाही. मराठीच्या कर्मणि रचनेत तो गाळता येतो आणि वाक्याला काही उणे वाटत नाही. नैतिक टाळाटाळीला ह्याहून सोयीची रचना सापडणे कठीण.

ही रिकामी जागा भरण्याचे काम 'जोळ' ह्या जुन्या व्यवस्थेने केले. एका बांधाआड शेते असलेले खातेदार मिळून त्याची राखण करीत, आणि दुरुस्तीला घरटी एक माणूस द्यावा लागे. वर्णन करताना 'लागे' हेच क्रियापद येते खरे. पण जोळीतला मनुष्य शेजाऱ्याला 'आपण गेले पाहिजे' असे म्हणू शके, आणि 'आम्ही'हून भिन्न असलेल्या ह्या 'आपण'मध्ये ऐकणाराही बांधला जाई. उंचवट्यावरील शेताचा धनी त्यातून सुटत नसे. शिलोत्री जमिनींत हाच भार वेगळ्या रीतीने वाटला जाई. तेथे बांधाच्या डागडुजीसाठी कुळांकडून भाताचा जादा हिस्सा घेत.

पुढे १९४८ चा मुंबईचा खारजमीन कायदा आला, आणि १९७९ चा महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम झाला. बांध व उघाड्या ह्यांचे काम शासकीय योजनांकडे गेले आणि रिकाम्या जागी नवा कर्ता बसला : 'सरकारने खांड बुजवली पाहिजे.' हे वाक्य अन्याय्य नाही. लांबलचक बांध आणि पक्क्या उघाड्या ह्यांचा खर्च घरटी माणसाच्या आवाक्यातला नव्हे, आणि कायद्याने पत्करलेले काम मागणे हा खातेदाराचा हक्कच आहे. अडचण कालाची आहे. अर्ज, पाहणी, अंदाजपत्रक आणि मंजुरी ह्यांना महिने लागतात, आणि भरती दिवसातून दोनदा येते. त्या अवधीत खांड रुंदावत जाते; आणि उंचवट्यावरील खातेदाराने त्या ओहोटीला फावडे घेऊन जावे की अर्जावर सही करून थांबावे, हे अधिनियमाच्या कोणत्याही कलमातून त्याला कळत नाही.