अनाथ बालकांचे घर : केनियातील न्युम्बानी

‘न्युम्बानी’ हा स्वाहिली भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ ‘घरी’ असा आहे. पूर्व आफ्रिकेतील केनिया देशात या नावाची एक ख्रिस्ती संस्था एच.आय.व्ही.बाधित व अनाथ बालकांसाठी कार्य करते. अशा दूरदेशीच्या बालगृहास भेट द्यावी, यथाशक्ती मदत करावी, असे अनेकांना वाटते. ही भावना चांगलीच आहे. परंतु कोणती मदत मुलांच्या हिताची व कोणती अहिताची, हे आधी समजून घेतले पाहिजे. त्या दृष्टीने न्युम्बानीचे कार्य अभ्यासण्यासारखे आहे.

फादर अँजेलो डॅगोस्टिनो हे अमेरिकन जेझुइट धर्मगुरू व डॉक्टर. त्यांनी 1992 साली नैरोबी येथे हे बालगृह सुरू केले. त्या काळी एड्सने आई-वडील गेलेल्या आणि स्वतःही बाधित असलेल्या मुलांना जवळ करण्यास कोणी धजत नसे. पुढे परिणामकारक औषधे निघाली, पण श्रीमंत देशांत त्यांचा वर्षाचा खर्च माणशी 10,000 डॉलरहून अधिक होता. 2001 साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा संच सेवाभावी संस्थेस वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केला. भारतातील स्वस्त औषधे केनियात आली पाहिजेत, ही मागणी फादरांनी जाहीरपणे लावून धरली. औषधांमुळे मुले जगू लागली, तेव्हा शाळेचा प्रश्न उभा राहिला. सरकारी शाळा या मुलांना प्रवेश नाकारीत. संस्थेने न्यायालयात दाद मागितली आणि जानेवारी 2004 मध्ये शाळांची दारे उघडली. ज्यांच्या पूर्वजांनी शाळेच्या दाराबाहेर बसून दिवस काढले, त्यांना या लढ्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

याच संस्थेने 2006 साली ग्रामीण किटुई भागात एक गाव वसविले. हा भाग कोरडवाहू, पाऊस बेभरवशाचा. एड्सने मधली कमावती पिढी नेली. मागे उरले वृद्ध आणि नातवंडे. म्हणून सुमारे 1000 एकर जमिनीवर घरे बांधून प्रत्येक घरात एक आजी किंवा आजोबा आणि सुमारे दहा मुले, अशी कुटुंबे तयार करण्यात आली. त्यांत स्वतःची नातवंडे असतात, तशीच इतर अनाथ मुलेही असतात. गावात शाळा, दवाखाना, व्यवसाय-शिक्षण व शेती आहे. येथे म्हाताऱ्यांना आधार मिळतो आणि मुलांना रागावणारे, जेवू घालणारे, आपल्या भाषेत गोष्टी सांगणारे माणूस मिळते.

मुलास केवळ छप्पर नव्हे, तर कायमचे माणूस लागते, हा यातील मुख्य विचार होय. ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या संस्थेच्या 2009 च्या अहवालानुसार जगातील अनाथालयांत असलेल्या पाचपैकी किमान चार मुलांचे आई-वडील किंवा त्यांपैकी एक तरी हयात असते. गरिबी, आजारपण व शाळेचा खर्च यांमुळे मुले तेथे येतात. देणग्या केवळ बालगृहाकडे वाहू लागल्या, तर घरात राहू शकणारे मूलही तेथे आणले जाते. केनिया सरकारने 2017 साली नव्या बालगृहांची नोंदणी थांबविली आणि 2022 ते 2032 या काळासाठी मुलांना कुटुंबात परत नेण्याचे धोरण स्वीकारले, ते याच कारणास्तव.

आता भेटीविषयी. चार दिवसांसाठी आलेला पाहुणा मुलांना लळा लावतो आणि निघून जातो. ज्या मुलाने आधीच आपली माणसे गमावली आहेत, त्याला हा वियोग पुन्हा सोसावा लागतो. म्हणून आधी पत्र पाठवून परवानगी घ्यावी. मुलांची छायाचित्रे काढू नयेत. एखाद्याच मुलाच्या हाती खाऊ किंवा पैसे न देता भेटवस्तू कार्यालयात द्यावी. वस्तूही काय हवे ते विचारून तेथील बाजारातच घ्यावी. त्यामुळे गावच्या दुकानदाराचाही संसार चालतो. वडीलधाऱ्यांना ‘शिकामो’ म्हणून नमस्कार करावा, ते ‘मराहाबा’ म्हणून उत्तर देतात. तेथील प्रार्थनेच्या वेळी शांत बसावे. आपला धर्म सांगण्याची ती जागा नव्हे आणि त्यांचा धर्म तपासण्याचीही नव्हे.

पैसे पाठविण्यापूर्वी कोणत्याही बालगृहास चार प्रश्न विचारावेत. संस्था नोंदणीकृत आहे काय? हिशेब तपासलेले आहेत काय? किती मुलांचे नातेवाईक हयात आहेत? गेल्या वर्षी किती मुले आपल्या घरी परतली? शेवटच्या दोन प्रश्नांचे उत्तर न देणाऱ्या संस्थेस देणगी देऊ नये. आपल्या संस्थेचा निधी परदेशी खर्च करावयाचा असल्यास आयकर सवलतीला बाध येऊ शकतो. म्हणून सनदी लेखापालांचा सल्ला जरूर घ्यावा.

विद्यार्थी मित्रांनी एवढे ध्यानात ठेवावे, की एका दिवसाच्या मिठाईपेक्षा परिचारिकेचा पगार, औषधे, शाळेची फी किंवा आजीच्या शेतीचे बियाणे यांसाठी दरवर्षी नियमाने दिलेली लहान रक्कम अधिक मोलाची असते. मदतीने मूल देणगीदाराचे न होता आपल्या माणसांचे व्हावे. करुणेला प्रज्ञेची जोड लागते, ती इथेच.