धावपट्टीवरचे आकडे आणि वैमानिकाचा नकाशा

विमानतळाच्या धावपट्टीचे छायाचित्र आपण पाहिले असेल. तिच्या टोकाला काळ्या डांबरावर पांढऱ्या रंगात दोन ठळक आकडे रंगविलेले असतात. मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावर एका टोकाला ०९ आणि दुसऱ्या टोकाला २७. पुष्कळांना वाटते की हे धावपट्टीचे अनुक्रमांक असावेत. पण मग मुंबईला सत्तावीस धावपट्ट्या असायला हव्यात, आणि तिथे तर दोनच आहेत! मग हे आकडे आहेत तरी कशाचे?

हे आकडे म्हणजे दिशा. होकायंत्राच्या तबकडीवर ३६० अंश असतात, हे शिक्षकबंधूंना सांगायला नको. पूर्व ९० अंशांवर, दक्षिण १८० वर, पश्चिम २७० वर आणि उत्तर ३६० वर. धावपट्टीची दिशा होकायंत्राने मोजायची, ती जवळच्या दहाच्या पटीत आणायची आणि शेवटचे शून्य सोडून द्यायचे. ९० चे झाले ०९, २७० चे झाले २७. पट्टी एकच, पण पूर्वेकडे तोंड करून धावणाऱ्या विमानासाठी ती ०९ आणि पश्चिमेकडे धावणाऱ्यासाठी २७. म्हणूनच दोन टोकांच्या आकड्यांत नेहमी १८ चा फरक असतो.

हा प्रयोग शाळेच्या मैदानावर सहज करता येईल. चुन्याने एक लांब रेघ आखा, एका टोकाला मुलाला होकायंत्र घेऊन उभे करा. रेघेची दिशा १४३ अंश आली, तर त्या टोकाला १४ लिहा आणि समोरच्या टोकाला ३२. मुंबईच्या दुसऱ्या धावपट्टीचे आकडे नेमके हेच आहेत. बंगळुरूसारख्या ठिकाणी शेजारी शेजारी दोन समांतर पट्ट्या असतात. तिथे आकड्याखाली डावी-उजवी दाखविणारी इंग्रजी एल् आणि आर् ही अक्षरे लिहितात.

कोणत्या टोकाकडून उतरायचे हे वारा ठरवितो. विमान शक्यतो वाऱ्याला सामोरे जाऊन उडते आणि उतरते. त्यामुळे त्याला कमी धाव पुरते. मुंबईत वारा बहुधा समुद्राकडून येतो, म्हणून तिथे २७ चा वापर अधिक.

आता इतर खुणा पाहू. पट्टीच्या आरंभी शेजारी शेजारी जाड पांढरे पट्टे असतात. पट्टी ३० मीटर रुंद असेल तर ते आठ, आणि ४५ मीटर असेल तर बारा. म्हणजे पट्टे मोजून रुंदी कळते! मधोमध तुटक पांढरी रेषा. बंद पट्टीवर मोठी फुली. विमाने ज्या वाटेने पट्टीकडे जातात त्या वाटेवरच्या खुणा मात्र पिवळ्या. ती वाट पट्टीला मिळण्याआधी चार पिवळ्या रेषा आडव्या असतात, दोन अखंड आणि दोन तुटक. अखंड रेषेच्या बाजूने येणाऱ्याने परवानगीवाचून पुढे जायचे नाही. तुटक बाजूने, म्हणजे पट्टीवरून बाहेर पडणाऱ्याने, ओलांडून जायचे. हमरस्त्यावर अखंड आणि तुटक रेषांचा जो अर्थ, तसाच काहीसा हा.

जमिनीवरच्या या लिपीला जोड आहे नकाशाची. अमेरिकेत टपाल वाहून नेणारा वैमानिक एल्रे जेपसन याने १९३० नंतरच्या काळात दहा सेंटांची एक वही घेतली. धावपट्ट्यांची लांबी, डोंगरांची उंची, इतकेच नव्हे तर हवा कशी आहे हे फोनवर सांगू शकतील अशा शेतकऱ्यांचे क्रमांकसुद्धा त्याने तीत टिपले. पुढे त्या वहीच्या प्रती इतर वैमानिक विकत घेऊ लागले, आणि त्यातूनच आज जगभर चालणारे हवाई नकाशे वाढले.

शिकाऊ वैमानिकाचा नकाशा बहुधा पाच लाखांत एक या प्रमाणाचा असतो. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे पाच किलोमीटर. त्यावर नद्या, लोहमार्ग, उंच मनोरे दिसतात. उंची फुटांत. आपले कळसूबाई त्या भाषेत ५,४०० फूट. अंतर मोजायचे सागरी मैलांत: अक्षांशाचा एक कला म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. तेव्हा नकाशाच्या उभ्या कडेवरच मोजपट्टी तयार मिळते. शिवाय होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक दाखविणाऱ्या तुटक रेषाही त्यावर असतात.

हे सगळे इतके काटेकोर कशाला? जुहूचे उदाहरण घ्या. जुहू आणि सांताक्रूझ यांत जेमतेम चार किलोमीटरांचे अंतर. जुहूच्या पट्टीचा आकडा ०८, सांताक्रूझच्या पट्टीचा ०९. दोन्ही जवळजवळ एकाच दिशेने. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपानी कंपनीचे मोठे डी. सी. ८ विमान सांताक्रूझ समजून जुहूवर उतरले आणि त्या आखूड पट्टीच्या पुढे निघून गेले. सुदैवाने कोणी दगावले नाही.

अमेरिकेतील लेक्सिंग्टन येथे ते सुदैव नव्हते. २७ ऑगस्ट २००६ च्या पहाटे, अंधारात, एका विमानाला २२ या पट्टीवरून उड्डाणाची परवानगी होती. ते वळले २६ वर. पहिली सुमारे ७,००० फुटांची, दुसरी ३,५०० फुटांची. विमानात पन्नास माणसे होती, एकोणपन्नास गेली. होकायंत्र २२० च्या जवळ असायला हवे होते, ते चाळीस अंश पुढे होते. काटा खरे सांगत होता. त्याच्याकडे पाहून पडताळा घेणे राहून गेले.

आणखी एक गंमत. पृथ्वीचा चुंबकीय ध्रुव सरकत असतो, म्हणून हे आकडेही कायमचे नसतात. लंडनजवळच्या स्टॅन्स्टेड विमानतळाची ०५–२३ ही पट्टी २००९ मध्ये ०४–२२ झाली. पट्टी तसूभर हलली नाही, फक्त रंगाऱ्याला काम मिळाले! जुना नकाशा वापरणाऱ्याची मात्र फसगत व्हायची.

तेव्हा आपल्या वर्गातला एखादा मुलगा किंवा मुलगी उद्या वैमानिक व्हायचे म्हणाली, तर पहिला धडा आजच देता येईल. नकाशा, होकायंत्र आणि जमिनीवरचा आकडा हे तीन साक्षीदार आहेत. तिघांचे म्हणणे जुळले तर पुढे व्हावे. एकाचे जरी वेगळे पडले, तर थांबावे आणि विचारावे. थांबण्यात चार मिनिटे जातात. न थांबण्यात काय जाते, ते आपण पाहिलेच.