चार दारांच्या गाडीतली धाव

माझदाची एमएक्स-५ ही जगात सर्वांत जास्त खपलेली दोन आसनी स्पोर्ट्स कार. १९८९ साली ती आली तेव्हा तिच्या १.६ लिटर इंजिनाची ताकद साधारण ११५ अश्वशक्ती होती आणि वजन साडेनऊशे किलोच्या घरात. आता आपल्या चाकणच्या कारखान्यात तयार होणारी फोक्सवॅगन व्हर्टस घ्या. १.५ लिटरचं टर्बो इंजिन, १५० अश्वशक्ती, वजन साडेबाराशे किलोच्या आसपास. भागाकार केला तर दोघींनाही टनामागे १२० अश्वशक्तीच्या जवळपास ताकद मिळते. उभ्या जागेवरून ताशी १०० किलोमीटर गाठायला दोघींनाही सुमारे नऊ सेकंद लागतात. एकीत दोन माणसं आणि एखादी बॅग मावते. दुसरीत आजी-आजोबांसह पाच जण बसतात आणि त्यांच्या सामानाला ५२१ लिटरची डिकी असते.

गाड्यांचं वेड असलेल्या माणसांत हा हिशेब मांडला की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, मग स्पोर्ट्स कारची गरजच काय? घरच्यांना घेऊन महाबळेश्वरला तितक्याच वेळात पोचता येत असेल तर दोन सीटच्या गाडीसाठी वेगळे पैसे कशाला? दुसरा म्हणतो, आकड्यांनी गाडी कळत नाही. स्टिअरिंग हातात आल्यावर पहिल्या वळणालाच फरक समजतो. मला वाटतं, दोघंही अर्ध्या वाटेवर थांबतात. पहिला सरळ रस्त्यापलीकडे बघत नाही. दुसरा हे विसरतो की वेगवान गाड्यांच्या इतिहासातली फार मोठी पानं घरगुती सेडाननीच लिहिली आहेत.

अल्फा रोमिओचंच बघा. दुसऱ्या महायुद्धाआधी ही मिलानची कंपनी मोजक्या, महागड्या, शर्यतीच्या वंशाच्या गाड्या बनवायची. युद्धानंतर तसं करून पोट भरणार नव्हतं. १९५० साली तिने १९०० नावाची चार दारांची सेडान काढली, तिची पहिली असेंब्ली लाइनवर बनलेली गाडी. जाहिरातीत तिची ओळख होती शर्यती जिंकणारी कुटुंबाची गाडी. ब्रिटनमध्ये १९६३ साली लोटसने फोर्डच्या साध्यासुध्या कॉर्टिनात ट्विन-कॅम इंजिन बसवलं आणि पुढच्याच वर्षी फॉर्म्युला वनचा विश्वविजेता जिम क्लार्क याने त्या गाडीत ब्रिटिश सलून कार स्पर्धेचं विजेतेपद मिळवलं. १९८० च्या दशकाच्या मध्यावर बीएमडब्ल्यूने आपल्या एम१ या सुपरकारच्या इंजिनाचा पुढचा अवतार ५ सिरीजच्या सेडानमध्ये घातला, २८६ अश्वशक्तीचा, आणि एम५ जन्माला आली. बाहेरून ती ऑफिसला जाणाऱ्या साहेबाची गाडी वाटायची.

या परंपरेचं टोक म्हणजे १९९० ची लोटस कार्लटन. मूळची व्हॉक्सॉल कंपनीची मोठी कौटुंबिक सेडान, पण ३७७ अश्वशक्ती आणि ताशी २८० किलोमीटरहून जास्त वेग. इतक्या वेगाची चार दारी गाडी रस्त्यावर असावी का, यावर तिकडच्या वर्तमानपत्रांत मोठं वादळ उठलं. १९९३ मध्ये चोरांनी अशीच एक गाडी पळवून दुकानं फोडायला वापरली, तेव्हा पोलिसांच्या गाड्यांना तिला गाठणं जमेना.

पण ही उदाहरणं पुढे करणाऱ्याला एक प्रश्न विचारायला हवा. या खरंच घरगुती गाड्या होत्या का? सांगाडा घरगुती होता. इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन, टायर सगळं बदललेलं होतं आणि किंमतही. मित्सुबिशीची लान्सर इव्होल्यूशन हे याचं सर्वांत ठळक उदाहरण. टॉमी मॅकिनेनने १९९६ पासून सलग चार वर्षं जागतिक रॅलीचं विजेतेपद मिळवलं ते या कुळातल्या गाड्यांत. आपल्याकडे १९९८ मध्ये आलेल्या लान्सरचं नाव तेच होतं, चेहराही बराचसा तोच. पण टर्बो नव्हता, चारही चाकांना ताकद नव्हती. म्हणून खरा वाद खास आवृत्त्यांचा नाही. शोरूममध्ये जाऊन नोकरदार माणूस कर्ज काढून जी घेतो त्या सेडानचा आहे. आणि तो वाद भारतात जितका खरा आहे तितका कुठेच नसेल, कारण इथे वेगाची हौस भागवायला दुसरं काही नव्हतंच.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघणारी फिएट ११००, म्हणजेच पुढची पद्मिनी, ही १,०८९ सीसीची, चाळीसेक अश्वशक्तीची गाडी. मुंबईत ती टॅक्सी होती, घराघरांत लग्नाची गाडी होती. आणि चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर तीच शर्यतीची गाडी होती. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या शर्यतींत फिएट आणि स्टँडर्ड हेराल्ड झुंजायच्या. परदेशी सुटे भाग मिळायचे नाहीत, म्हणून मेकॅनिक लोक इंजिनाचं हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचे, कार्ब्युरेटर बदलायचे, आतल्या सीटा काढून वजन कमी करायचे. भारतातल्या मोटर स्पोर्टचा पाया या घरगुती गाड्यांवर आणि त्या मेकॅनिकांच्या हातांवर उभा आहे. त्यांची नोंद फार थोड्या ठिकाणी सापडते, याची मला खंत वाटते.

१९९० मध्ये मारुती १००० आली, दिसायला ऐटबाज पण दमाने कमी. १९९४ च्या एस्टीमने ती उणीव भरून काढली. पुढे मल्टिपॉइंट इंजेक्शनचं १६ व्हॉल्व्हचं इंजिन आलं तेव्हा तिच्यात ८५ अश्वशक्ती होती आणि वजन नऊशे किलोच्याही आत. आजही जुनी एस्टीम चालवून बघा. ॲक्सिलरेटरवर पाय ठेवताच ती जशी हलकी होऊन सुटते तशी आजची दुप्पट किमतीची गाडी सुटत नाही. वजन कमी असणं ही सगळ्यात स्वस्त ताकद आहे, कारण ती वेग घेताना मिळते, ब्रेक लावताना मिळते आणि वळतानाही मिळते.

मग होंडा सिटी. १९९८ ला ती आली आणि थोड्याच काळात तिला १.५ लिटरचं व्हीटेक इंजिन मिळालं, १०६ अश्वशक्तीचं. हे इंजिन खाली शांत असायचं. आरपीएमचा काटा वर चढू लागला की आवाज बदलायचा, गाडीचा स्वभाव बदलायचा आणि सात हजाराच्या जवळ जाईपर्यंत ते थकायचं नाही. ज्या पिढीने ऐन तरुणपणी ती सिटी चालवली, तिच्या मनात वेगवान गाडी म्हणजे तीच. २००३ मध्ये कंपनीने पुढची सिटी आणली. आत ऐसपैस, ॲव्हरेज उत्तम, आणि ताकद ७७ अश्वशक्ती. शौकीन हळहळले. पण ती गाडी धो धो खपली, आणि कंपनीच्या बाजूने बघितलं तर तिचं चुकलं नव्हतं. विकत घेणाऱ्यांतल्या बहुतेकांना मागच्या सीटवर पाय लांब करायला जागा हवी होती. वाद घालणारे थोडे असतात आणि गाडी घेणारे पुष्कळ, हे त्या एका मॉडेलने स्वच्छ दाखवलं.

फोर्ड आयकॉनला जोश मशीन म्हणायचे आणि १.६ पेट्रोलमध्ये तो जोश खरा होता. तिचं सस्पेन्शन खराब रस्त्यावर गाडीला धरून ठेवायचं. माझ्या मते या सगळ्यांत घाटासाठी सर्वांत नीट बसवलेली गाडी मात्र पुण्याजवळच्या रांजणगावची होती, फिएट लिनिया टी-जेट. २०१० मध्ये आलेल्या या गाडीत १.४ लिटरचं टर्बो इंजिन होतं, ११४ अश्वशक्ती, आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. स्टिअरिंग हायड्रॉलिक, म्हणजे पुढच्या टायरखाली काय चाललंय ते तळहातांना कळायचं. आंबोलीच्या किंवा कुंभार्लीच्या चढाला, पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर, हे कळणं आरामापेक्षा मोठं असतं. टर्बो जागा होईपर्यंत थोडा वेळ जायचा, गिअर जड होते, विक्रीनंतरची सेवा हा लोकांच्या मनातला कायमचा धाक होता. ती चालली नाही.

या सगळ्या काळात इथे स्पोर्ट्स कार कुठे होती? गोव्यात सॅन मोटर्सने सॅन स्टॉर्म बनवली, उघड्या टपाची, दोन सीटची, फायबरची. इंजिन रेनॉचं, ६० अश्वशक्तीचं. दिसायला अस्सल स्पोर्ट्स कार, पण त्या काळच्या एस्टीमला आणि सिटीला सरळ रस्त्यावर गाठणं तिला शक्य नव्हतं. टाटांनी २०१७ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात टॅमो रेसमो दाखवली, १९० अश्वशक्तीची, सुंदर, आणि पुढे तो प्रकल्प गुंडाळला. एमएक्स-५ सारखी साधी, परवडणारी, दोन सीटची गाडी भारतीय ग्राहकाला कधी मिळालीच नाही. म्हणून आपल्याकडे सेडान ही स्पोर्ट्स कारशी स्पर्धा करत नव्हती, तिची जागाच भरून काढत होती.

आता त्या दुसऱ्या तटाचं म्हणणं. आकडे सारखे असूनही व्हर्टस आणि एमएक्स-५ वळणात सारख्या का नाहीत? उत्तर उंचीत आहे. व्हर्टस सुमारे दीड मीटर उंच आहे, पहिली एमएक्स-५ सव्वा मीटरच्याही थोडी आत. गाडी वळते तेव्हा आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर सरकतो. गुरुत्वमध्य जितका उंच आणि दोन चाकांमधलं अंतर जितकं कमी, तितका हा भार जास्त सरकतो, गाडी कलते आणि बाहेरच्या टायरवर ताण येतो. त्यात आपल्या सेडानला स्पीडब्रेकरवर खाली घासू नये म्हणून वर उचललेलं असतं. व्हर्टसचा ग्राउंड क्लीअरन्स १७९ मिलिमीटर आहे. शिवाय इंजिन, गिअरबॉक्स आणि ताकद घेणारी चाकं सगळी पुढे. पुढच्या टायरनीच ओढायचं, त्यांनीच वळायचं, ब्रेकचा मोठा भागही त्यांनीच सोसायचा. चढाच्या तीव्र वळणावर जास्त रेस केली की गाडीचं नाक बाहेर जातं ते याच कारणाने. एमएक्स-५ मध्ये ढकलायचं काम मागच्या चाकांकडे असतं आणि वजन पुढेमागे जवळपास समान वाटलेलं असतं.

हा फरक इंजिनाची ताकद वाढवून मिटत नाही. स्कोडाने ऑक्टाव्हिया आरएसमध्ये तो बऱ्याच अंशी मिटवून दाखवला, पण त्यासाठी मागे मल्टिलिंक सस्पेन्शन, मोठे ब्रेक, रुंद टायर आणि, २०२० च्या २४५ अश्वशक्तीच्या आवृत्तीत, पुढच्या दोन चाकांत ताकद वाटणारा खास डिफरन्शियल लागला. ती गाडी ३६ लाखांच्या आसपास होती, फक्त २०० आल्या आणि सगळ्या गेल्या. २०२५ मध्ये परत शंभरच आल्या, या वेळी २६५ अश्वशक्ती आणि जवळजवळ ५० लाख. कुटुंबाची गाडी स्पोर्ट्स कारच्या बरोबरीला येते हे यातून सिद्ध होतं, आणि तोवर ती बहुतेक कुटुंबांच्या हाताबाहेर जाते हेही.

मग २० लाखांच्या आतल्या सेडानचं काय? इथे माझं मत स्पष्ट आहे. आजच्या व्हर्टस, स्लाव्हिया आणि १६० अश्वशक्तीची टर्बो व्हर्ना या गाड्या आपल्या रस्त्यांवर, कायद्याच्या मर्यादेत, स्पोर्ट्स कारच्या अगदी मागोमाग राहतील. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना ताशी १०० ची मर्यादा आहे, घाटात त्याहून कमी. त्या मर्यादेत ट्रक ओलांडताना लागते ती मधल्या आरपीएमची ओढ, आणि ती या टर्बो इंजिनांत जुन्या व्हीटेकपेक्षा पुष्कळ जास्त आहे. तिन्ही गाड्यांना ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळालेत, हे तर पद्मिनीच्या काळात कुणाच्या कल्पनेतही नव्हतं. त्या कमी पडतात त्या ब्रेक आणि टायरपाशी. १५० अश्वशक्तीच्या व्हर्टस आणि स्लाव्हिया मागच्या चाकांना ड्रम ब्रेक घेऊन बाजारात आल्या. रोजच्या वापरात ते पुरतात, पण तांबड्या शिलाईवर आणि काळ्या छतावर खर्च करणाऱ्या कंपनीने तो पैसा आधी तिथे घालायला हवा होता.

आणि ही लढाई आता वेगळ्याच मैदानावर हरली जाते आहे. २००६ पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाड्यांना करात सवलत मिळाली. त्यासाठी सेडानच्या डिक्या छाटल्या गेल्या आणि त्यांचा तोलही गेला. सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाडीवर १८ टक्के जीएसटी आणि चार मीटरहून लांब सेडानवर ४० टक्के अशी तफावत आहे. उंच एसयूव्हीच्या लाटेत सिआझ बंद झाली, त्याआधी व्हेंटो, यारिस, लिनिया गेल्या. ज्या उंचीमुळे गाडी वळणात कलते तीच आज विकली जाते. स्पोर्ट्स कारला टक्कर देऊ शकेल असा आपल्याकडचा एकमेव परवडणारा प्रकार म्हणजे ही बुटकी, लांब डिकीची सेडान, आणि तिची मॉडेलं बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

तेव्हा गाडी घ्यायला निघालात तर एवढं करा. शोरूमच्या गल्लीतली फेरी पुरेशी समजू नका. घरचे चौघं बसवून एखाद्या चढावर, खड्ड्यांच्या रस्त्यावर न्यायला मागा आणि सेडान व एसयूव्ही दोन्ही एकाच वळणावर, एकाच बेताच्या वेगाने घेऊन बघा. जी गाडी मागच्या सीटवरच्या माणसाला कमी हेलकावते ती निवडा. घेतल्यावर पहिला जास्तीचा पैसा चांगल्या टायरवर घाला, इंजिनाच्या ट्यूनिंगवर नको. आणि तिची पूर्ण धाव बघायचीच असेल तर ताम्हिणीत नव्हे, इरुंगट्टुकोट्टई किंवा कोईमतूरच्या ट्रॅकवर बघा. तिथे हेल्मेट घालून, समोरून येणाऱ्या एसटीची भीती नसताना, तुमची चार दारांची गाडी कुठवर जाते ते तुम्हाला स्वतःला कळेल.