पटावर तीन मुलं

चाकण चौकातली ट्रक-ट्रेलरची रांग मागे पडली, की राजगुरुनगरच्या पुढे खेड तालुक्याचं जुनं रूप थोडंफार दिसायला लागतं. कनेरसर हे तिथलंच गाव. पंचक्रोशीला ते यमाईच्या देवळामुळे ठाऊक. अलीकडे सेझसाठी गेलेल्या जमिनींमुळेही त्याचं नाव लोकांच्या तोंडी आलं. या कनेरसरच्या जालिंदरनगर वस्तीवर जिल्हा परिषदेची एक प्राथमिक शाळा आहे. २०२२ च्या सुमारास तिच्या पटावर ३ मुलं उरली होती. २०२५ साली पट शंभराच्या पुढे गेला होता आणि लंडनच्या ‘टी-फोर एज्युकेशन’ संस्थेच्या जागतिक सर्वोत्कृष्ट शाळा पुरस्कारांत याच शाळेला लोकांच्या मतांवर दिला जाणारा ‘कम्युनिटी चॉइस’ सन्मान मिळाला.

तीन मुलांचा वर्ग कसा असतो, याची कल्पना करून पाहा. प्रार्थनेला रांग धरायची तर ती रांगच होत नाही. खो-खोचा प्रश्नच नाही. एक आजारी पडला, की शाळेचा तिसरा हिस्सा गैरहजर. अशा शाळेपुढे सहसा एकच वाट उरते, कुलपाची. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी. पण २०२३ मध्ये राज्यात वीसपेक्षा कमी पट असलेल्या सुमारे १५ हजार शाळा निघाल्या आणि त्या एकत्र करून ‘समूह शाळा’ काढण्याचे प्रस्ताव मागवले गेले. कागदावर तो हिशेब सोपा दिसतो. सहा वर्षांच्या पोरीला ओढा ओलांडून परगावी जावं लागतं तेव्हा तो तसा राहत नाही. तिच्या आधी तिच्या आईचाच पाय अडतो.

जालिंदरनगरच्या शाळेने ही वाट टाळली. तिथे आलेले दत्तात्रय वारे गुरुजी याआधी शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीत होते. तिथे गावकऱ्यांनी जमीन दिली, पैसा उभा केला आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रवेशासाठी रांगा लागल्या. जालिंदरनगरातही गाव शाळेत आलं. इमारत सुधारली, परिसर सुधारला. पण मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ‘विषयमित्र’. ज्याला एखादा विषय उमगला आहे, त्याने तो दुसऱ्याला शिकवायचा. यात वय आड येत नाही, इयत्ताही नाही. तिसरीतला पोरगा गणितात पुढे असेल, तर चौथीतली मुलगी त्याच्याजवळ पाटी घेऊन बसेल आणि वाचनाच्या वेळी तीच त्याची गुरू होईल.

हे ऐकून मला आमची दोन खोल्यांची शाळा आठवली. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. गुरुजी एका वर्गाला शिकवत असताना दुसरा वर्ग नुसता गलका करायचा. शेवटी चौथीतल्या एका मुलीला उभं करून ते आमच्याकडून पाढे म्हणून घ्यायचे. बावीसचा पाढा मला तिनेच शिकवला. चुकलं की ती छडी उगारायची नाही, हाताच्या बोटांवर पुन्हा मोजून दाखवायची. कायद्याने साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात, म्हणजे बहुतेक वाड्या-वस्त्यांवर दोघांनी पाच वर्ग सांभाळायचे. आम्ही ज्याला अडचण समजत होतो, त्याचीच जालिंदरनगरने शिकवण्याची पद्धत केली.

चाकणच्या कारखान्यांच्या पट्ट्यात शाळांसाठी पैशाची वानवा नाही. २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. त्यातून कितीतरी शाळांच्या भिंती रंगल्या, संगणक आले, फलक लागले. हे वाईट नाही. पण नुसत्या रंगाने पट वाढत नाही. वाढवू शकते ती शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात किमान पाऊण हिस्सा पालकांचा आणि निम्म्या बायका असाव्यात, असं कायदाच सांगतो. तरी अनेक ठिकाणी ती सह्यांपुरतीच राहते. पिंपरी-चिंचवड महापालिकेची बोपखेलची इंग्रजी माध्यमाची शाळा २०२२ मध्ये टी-फोरच्याच पुरस्कारांत पहिल्या दहांत आली. तिची गोष्टही वस्तीला शाळेत ओढून आणण्याचीच होती.

तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला भीमेवर चासकमान आणि भामा नदीवर भामा-आसखेड ही धरणं आहेत. त्यांच्या पाण्यात मासेमारी करून जगणाऱ्या कातकरी-ठाकर कुटुंबांना मी जालिंदरनगरचं उदाहरण सांगू इच्छितो. त्यांची पोरं शाळा बुडवतात ती आळसाने नव्हे. जाळी संध्याकाळी लावायची आणि पहाटे काढायची असते. थर्माकोलच्या तराफ्यावर बाप पुढे जातो, काठावर पोरगं जाळ्यातली चिलापी एकेक सोडवत बसतं. कल्ला जाळ्याच्या भोकात अडकला, तर ओढायचं नाही, उलट्या बाजूने सारायचं, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. व्यापाऱ्याचा काटा लागेपर्यंत शाळेचा परिपाठ संपलेला असतो. मग मासळी घटली की घर वीटभट्टीला निघतं आणि दप्तर कित्येक महिने खुंटीला.

परत आल्यावर अशा मुलाला मागच्या बाकावर गप्प बसवून ठेवतात. तो मागे पडतो आणि पुढे येतच नाही. विषयमित्राची सवय लागलेल्या वर्गात त्याच्या शेजारी कुणीतरी लगेच पुस्तक उघडून बसेल. आणि ग्रॅम-किलोचा धडा आला, की तोच सगळ्यांचा विषयमित्र होईल. कारण हातावर मासा तोलून ‘पावणे दोन किलो’ म्हणणारं दुसरं कुणी त्या वर्गात नसतं.