पिकॅडिली लाइनची जुनी स्टेशनं

लंडनची पिकॅडिली लाइन १५ डिसेंबर १९०६ ला सुरू झाली. तिची मूळची बरीचशी स्टेशनं लेस्ली ग्रीन या वास्तुविशारदाची. बाहेरून गडद लाल, चकचकीत टाइल्स, वरच्या मजल्याला अर्धगोल खिडक्या. आत, प्लॅटफॉर्मच्या भिंतींवर प्रत्येक स्टेशनची टाइल्सची नक्षी आणि रंगसंगती वेगळी. ग्रीन १९०८ मध्ये गेला, अवघ्या ३३ व्या वर्षी. एवढ्या कमी वयात केवढं काम करून ठेवलं त्यानं!

आर्सेनल स्टेशनवर उतरलात तर भिंत नीट बघा. टाइल्समध्ये मोठ्या अक्षरांत ‘गिलेस्पी रोड’ लिहिलेलं दिसेल. नाव १९३२ मध्ये बदललं, टाइल्स तशाच राहिल्या.

मला सगळ्यात जास्त ओढ आहे ती बंद स्टेशनांची. डाउन स्ट्रीट हे श्रीमंत वस्तीतलं स्टेशन, शेजारची स्टेशनंही जवळच. त्यामुळे प्रवासी फारसे मिळालेच नाहीत आणि १९३२ मध्ये ते बंद झालं. पण दुसऱ्या महायुद्धात तिथेच जमिनीखाली रेल्वेचं युद्धकालीन मुख्यालय थाटलं गेलं. बॉम्बहल्ल्यांच्या दिवसांत खुद्द चर्चिल तिथे मुक्कामाला असायचे.

ऑल्डविचची गोष्टही तशीच. युद्धात ब्रिटिश म्युझियममधली पार्थेनॉनची शिल्पं तिथल्या बोगद्यात सुरक्षित ठेवली होती. पुढे १९०७ च्या जुन्या लिफ्ट बदलण्याचा खर्च परवडेना, म्हणून ३० सप्टेंबर १९९४ ला ते बंद झालं. आता तिथे चित्रपटांची शूटिंग होतात, लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियम सहलीही काढतं. लंडनला जाणार असाल तर तिकीट आधीच काढा.