नदीवर वीज कोठे निर्माण होऊ शकेल?

धर्माबाद तालुक्यातून गोदावरी वाहते व बाभळी येथे तिच्यावर बंधाराही आहे. मग येथे वीज का होऊ नये, असा प्रश्न सहज मनात येतो. परंतु पात्र रुंद आहे, पावसाळ्यात पाणी विपुल आहे, एवढ्यावरून जागा योग्य ठरत नाही.

वीज दोन गोष्टींवर अवलंबून असते : दर सेकंदास मिळणारे पाणी आणि ते जितक्या उंचीवरून उतरते ती उंची. पाणी घनमीटरांत व उंची मीटरांत घेऊन त्यांच्या गुणाकारास ८ ने गुणिले असता ढोबळमानाने किलोवॅट मिळतात. १० घनमीटर पाणी ३ मीटर उतरल्यास २४० किलोवॅट. तेच ३० मीटर उतरल्यास २,४०० किलोवॅट.

ही उंची प्रथम नकाशावर शोधावयाची असते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांतील समोच्च रेषा नदीला जेथे जवळजवळ छेदतात, तेथे उतार तीव्र समजावा. आता उपग्रहांनी मोजलेली भूपृष्ठाची उंचीही उपलब्ध आहे. तीवरून संगणक ओघ, पाणलोट क्षेत्र व उतार काढतो आणि पर्जन्याच्या व नदीमापनाच्या नोंदींशी जुळवून संभाव्य जागा दाखवितो. सह्याद्रीत ही रीत चांगली उपयोगी पडते. गोदाकाठच्या सपाट काळ्या रानात मात्र उतार काही मीटरांचा आणि मोजणीतील चूकही तेवढीच. दाट झाडीचे शेंडेदेखील जमीन म्हणून मोजले जातात. तेथे लेव्हलच्या दुर्बिणीने मोजणी केल्यावाचून काहीही ठरवू नये.

बाभळीची खरी अडचण तर कोणत्याच नकाशात दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ फेब्रुवारी २०१३ च्या निर्णयानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात बंधाऱ्याचे दरवाजे उघडे ठेवावे लागतात. म्हणजे पाणी भरपूर असते तेव्हा उंची नाही. दरवाजे मिटल्यावर उंची मिळते, पण ओघ मंदावलेला असतो व साठा पिण्यास आणि पिकांस हवा असतो.

याच खोऱ्यात पूर्णा नदीवरील येलदरीची गोष्ट वेगळी आहे. तेथे उंच धरण व मोठा साठा असल्याने सिंचनाकरिता सोडावयाचे पाणी आधी चक्रे फिरविते. केंद्राची क्षमता २२.५ मेगावॅट आहे.

एखादा ओढा अशा पाहणीसाठी सुचवावयाचा झाल्यास ग्रामपंचायत अधिकाऱ्याने तो कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो, पुराची खूण कोठवर आहे, आणि पाणी अडविल्यास कोणते गट व विहिरी बुडतील, याची नोंद वृद्ध शेतकऱ्यांना विचारून आधीच करून ठेवावी.