यकृतातील गाठ आणि तिचा वण

यकृतात गाठ निघाली, एवढे कानी पडताच घरदार खचते. परंतु श्रोतेहो, प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. तरुणपणी आढळणाऱ्या दोन गाठी पाहा. दोहोंच्या मध्यभागी पुष्कळदा ताऱ्यासारखा वण असतो. पैकी ‘फोकल नोड्युलर हायपरप्लेशिया’ निरुपद्रवी; दुसरी, अतिशय विरळ, १९५६ साली एडमंडसन यांनी वर्णिलेला ‘फायब्रोलॅमेलर’ कर्करोग. शिरेतून औषध टोचून एमआरआय काढला, की काही मिनिटांनी पहिलीचा वण बहुधा उजळतो, दुसरीचा काळाच राहतो. सीटी स्कॅनमध्ये वणात चुन्याचे कण दिसल्यास कर्करोगाचा संशय बळावतो. उलगडा न झाल्यास सुईने तुकडा काढून तपासतात. पहिलीला सहसा हातही लावावा लागत नाही. दुसरी शक्य तेथे शस्त्रक्रियेने समूळ काढावी लागते. म्हणून भीतीपूर्वी निदान हवे.